मन तपासणाऱ्यांनी जातही शिकावी

वस्तीत आजारांचे दोन वर्ग आहेत. ताप, टीबी, साखर, बीपी हे खरे आजार. त्यांच्यासाठी कामावर खाडा करता येतो, रिक्षा करून दवाखान्यात नेले जाते, शेजारपाजारचे बघायला येतात. दुसऱ्या वर्गात झोप उडणे, छातीत धडधडणे, कशातच मन न लागणे, घराबाहेर पडायची भीती वाटणे हे सगळे येते. याला आपण आजार म्हणतच नाही. ‘डोक्यात घेऊ नकोस’, ‘टेन्शन कुणाला नाही?’, ‘बाबासाहेबांनी एवढे सोसले, तुला काय झाले?’ एवढे ऐकवले की विषय संपतो. माणूस मात्र आतून संपत जातो. कुणी बाटली जवळ करतो. कुणी अंगारा-धुपाऱ्यापर्यंत जातो, आणि तेही बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातून.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. दर १०० प्रौढांमागे सुमारे १० जणांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता. बहुतेक आजारांत ७० टक्क्यांहून अधिक रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. म्हणजे दहा आजारी माणसांतल्या किमान सात जणांना कुणी विचारलेही नाही.

आता परिस्थिती थोडी बदलते आहे. आपली मुले-मुली कॉलेजात समुपदेशकाकडे जाऊ लागली आहेत. सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागाची पाटी दिसते. त्या पाटीमागे एक शब्द हमखास कानावर येतो : सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी. आधीच पात्र असलेल्या डॉक्टरांसाठी, मानसशास्त्रज्ञांसाठी आणि समुपदेशकांसाठी या उपचाराची प्रशिक्षणे जागोजागी निघाली आहेत. हा त्यांच्या धंद्याचा प्रश्न आहे, आपल्याला त्याचे काय, असे वाटेल. पण त्या खुर्चीत बसणारा काय शिकून आला आहे, यावर समोर बसलेल्या आपल्या लेकराचे भले-बुरे ठरते. म्हणून हा विषय आरोग्याच्या पानावर घेतला आहे.

उपचार काय आहे?

अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात ही पद्धत उभी केली. उदास रुग्णांशी बोलताना त्यांना दिसले की या माणसांच्या मनात स्वतःबद्दल, जगाबद्दल आणि पुढच्या दिवसांबद्दल वाईट विचारांची एक साखळी आपोआप सुरू असते. ‘मी निकामी आहे’, ‘कुणी माझे नाही’, ‘पुढेही असेच होणार’. हे विचार इतके सवयीचे होतात की माणूस ते तपासतच नाही, खरे धरून चालतो. त्यामुळे तो घरात बसतो, माणसे टाळतो, काम सोडतो. आणि घरात बसल्यामुळे ‘मी निकामी आहे’ हा विचार आणखी पक्का होतो. विचार, भावना आणि वागणे यांचे हे चक्र तोडणे म्हणजे सीबीटी. बेक यांच्या आधी काही वर्षे अल्बर्ट एलिस यांनी अशीच विवेकनिष्ठ पद्धत मांडली होती. ती मराठी माणसांपर्यंत आणण्यात मुंबईचे कि. मो. फडके यांचा मोठा वाटा आहे.

या उपचारात ताईत नाही, गुपित नाही, कुणाचा आशीर्वाद नाही. साधारण आठवड्यातून एकदा, पाऊण ते एक तास, काही महिने बसायचे. आलेला विचार कागदावर मांडायचा. त्याच्या बाजूचा पुरावा कोणता, विरुद्ध कोणता, हे पाहायचे. टाळत आलेली लहानशी गोष्ट या आठवड्यात करून बघायची आणि काय घडले ते पुढच्या वेळी सांगायचे. औदासीन्य, अवाजवी भीती, सतत चिंता, तेच ते विचार आणि तीच ती कृती यांवर हा उपचार उपयोगी पडतो, हे अनेक देशांत तपासून पाहिले गेले आहे.

आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. धम्मपदाची सुरुवातच मनापासून होते. कोणी सांगितले, परंपरेने आले किंवा ग्रंथात लिहिले आहे म्हणून मानू नका, स्वतः तपासा, हे तथागतांनी कालामांना सांगितले. तपासून मग मानणे ही आपली घरची रीत आहे.

पदवी पुरेशी नाही

मग अडते कुठे? पहिली अडचण प्रशिक्षणाच्या खोलीची आहे. पुस्तक वाचून कुणाला इंजेक्शन देता येत नाही. नर्स आधी बघते, मग वरिष्ठांच्या नजरेखाली देते, चुकली तर तिथेच टोकली जाते. सीबीटीचेही तसेच आहे. चांगल्या प्रशिक्षणात शिकणारा खऱ्या रुग्णांसोबत, त्यांची संमती घेऊन, सत्राचे ध्वनिमुद्रण करतो. अनुभवी पर्यवेक्षक ते ऐकतो आणि गुण देतो. त्यासाठी जगभर वापरली जाणारी एक मोजपट्टी आहे. तिच्यात ११ मुद्दे असतात, प्रत्येकाला ० ते ६ गुण, एकूण ६६. साधारणपणे ४० गुणांना पात्रतेची रेषा मानतात. रुग्णाचे नीट ऐकले का, प्रश्न विचारून त्यालाच शोधू दिले की आपले मत लादले, मागच्या आठवड्याचा गृहपाठ पाहिला का, असे मुद्दे त्यात येतात. इंग्लंडने २००८ मध्ये सरकारी आरोग्यसेवेत असे उपचार मोठ्या प्रमाणावर सुरू केले. तिथे सीबीटीचा अभ्यासक्रम साधारण वर्षभराचा ठेवला, काही भाग विद्यापीठात आणि काही प्रत्यक्ष सेवेत, नियमित पर्यवेक्षणासह.

आपल्याकडे दोन दिवसांची कार्यशाळा होते, जेवण होते, ग्रुप फोटो होतो आणि प्रमाणपत्र भिंतीवर लागते. कार्यशाळा वाईट नाही. ओळख म्हणून ती ठीक आहे. पण ओळख म्हणजे कौशल्य नव्हे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले शिक्षण आणि त्या परिषदेकडे नोंदणी लागते. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र कुणीही लावताना दिसतो. बाहेर एका सत्राला हजार-दीड हजार रुपये मोजणाऱ्या घराला हा फरक कुणी समजावून सांगत नाही.

अभ्यासक्रमात नसलेला धडा

दुसरी अडचण याहून खोल आहे. सीबीटी शिकवताना विचारातल्या चुकांची एक यादी शिकवतात. दुसऱ्याच्या मनातले आपल्याला कळते असे धरणे, ही एक चूक. एका अनुभवावरून सरसकट निष्कर्ष काढणे, ही दुसरी. सगळे आपल्यावरच ओढून घेणे, ही तिसरी. यादी चुकीची नाही. पण जातीचे वास्तव न शिकलेल्या माणसाच्या हाती ती दिली की काय होते, ते पाहा.

आपला एक तरुण सांगतो, ‘भाड्याचे घर बघायला गेलो. आडनाव ऐकले आणि खोली आधीच गेली म्हणाले. तिसऱ्यांदा असे झाले.’ समोरचा म्हणतो, ‘खोली खरेच गेली असेल. तुम्ही त्यांच्या मनातले कसे ओळखले?’ कामगार भगिनी सांगते, ‘त्या घरात माझा कप वेगळा ठेवतात.’ समोरून उत्तर येते, ‘स्वच्छतेसाठी असेल. तुम्ही फार मनाला लावून घेता.’ गटारात उतरणारा भाऊ सांगतो, ‘झाकण उघडले की हातपाय कापतात.’ सीबीटीत भीतीवर एक उपाय असतो : ज्याची भीती वाटते त्याला हळूहळू सामोरे जायचे. तो इथे लावायचा? गटारातल्या वायूने माणसे मरतात. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. त्या भावाची भीती हा आजार नाही, ते त्याचे शहाणपण आहे. उपचार ठेकेदाराचा व्हायला हवा.

बाबासाहेब परदेशातून शिकून बडोद्याच्या नोकरीवर गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत उतरले, तर लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. त्या दिवशी त्यांच्या समोर आजच्यासारखा कच्चा शिकलेला समुपदेशक बसला असता आणि ‘तुम्ही एका प्रसंगावरून सरसकट निष्कर्ष काढता आहात’ असे म्हणाला असता, तर? विचार बाबासाहेबांचा चुकलेला नव्हता, शहर चुकलेले होते.

‘बाबासाहेबांनी एवढे सोसले’ म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की बाबासाहेब मुकाट सोसून गप्प बसले नाहीत. बडोद्याचा तो प्रसंग आणि असे इतर अनुभव त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मध्ये स्वतः लिहून ठेवले, डोळ्यांत पाणी आले तेही लिहिले. दुःख सांगणे हा कमकुवतपणा असता, तर त्यांनी ते लिहिलेच नसते.

भेदभाव खरा, कमीपणा खोटा

मग सीबीटी आपल्यासाठी नाही, असे म्हणायचे का? मुळीच नाही. उलट, नीट शिकलेल्या माणसाच्या हाती ती आपल्या फार कामाची आहे.

समजा, वस्तीतली एक मुलगी इंजिनिअरिंगला लागली. पहिल्याच आठवड्यात वसतिगृहात विचारणा झाली, ‘कुठल्या कॅटेगरीतून?’ मागे हसणे ऐकू आले. तिने कँटीनला जाणे सोडले, मग वर्गात प्रश्न विचारणे सोडले. पहिल्या सत्रात एक विषय राहिला. आता ती रात्री जागते आणि मनात एकच घोकते : ‘ते म्हणतात ते बरोबर आहे. माझी इथली लायकी नाही.’

कच्चा समुपदेशक तिला सांगेल, ‘तू जास्त विचार करतेस, सगळ्यांत मिसळ.’ मुलगी पुन्हा येणार नाही.

पक्का शिकलेला माणूस तिच्या बोलण्याचे तीन भाग करील. पहिला भाग, जे घडले ते. तिला हिणवले गेले. हे सत्य आहे. त्यावर वाद घालायचा नाही, दुसरा अर्थ शोधायचा नाही. ‘हे घडले, हे चूक आहे, आणि चूक तुझी नाही,’ असे स्पष्ट म्हणायचे. त्यासाठी संस्थेचा अनुसूचित जाती-जमाती कक्ष आहे, भेदभावाविरुद्ध विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम आहेत, रॅगिंगविरोधी समिती आहे, गरज पडली तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. तक्रार करायची की नाही, कधी करायची, सोबत कोण असेल, हे तिच्याशी बसून ठरवायचे. दुसरा भाग, त्यावरून तिने स्वतःबद्दल काढलेला अर्थ : ‘माझी लायकी नाही.’ इथे सीबीटीचे काम सुरू होते. पुरावा काय? रस्त्यावरच्या दिव्याखाली नाही तर आईच्या शिलाई मशीनच्या आवाजात अभ्यास करून ही मुलगी इथवर आली. बाकीचे विषय सुटले. राहिलेल्या विषयाच्या वर्गांना ती घाबरून गेलीच नव्हती. म्हणजे लायकीचा पुरावा आहे, नालायकीचा नाही. तिसरा भाग, तिचे वागणे. या आठवड्यात एका मैत्रिणीसोबत एकदाच कँटीनला जायचे. पुढच्या आठवड्यात वर्गात एक प्रश्न विचारायचा. एकदम डोंगर चढायचा नाही.

या सगळ्याचा अर्क एका वाक्यात सांगता येतो. भेदभाव खरा आहे, कमीपणा खोटा आहे. जो भेदभावालाही खोटे म्हणतो तो उपचार करत नाही, जखमेवर मीठ चोळतो. जो फक्त भेदभाव मान्य करून थांबतो तो मुलीला त्या खोट्या कमीपणासोबत एकटीला सोडतो. दोन्ही वेगळे करता येणे हेच कौशल्य आहे, आणि ते शिकवावे लागते. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ पामेला हेज यांनी वंचित समाजांसोबत सीबीटी कशी करावी यावर बरेच लिहिले आहे. त्यांचेही म्हणणे हेच की रुग्ण अन्यायाचा अनुभव सांगतो तेव्हा आधी तो मान्य करा. बाहेरची अडचण कोणती आणि मनातली कोणती हे वेगळे करा. त्याच्या समाजाची ताकद उपचारात आणा. तिकडे वंशभेदाबद्दल हे शिकवता येते, तर इकडे जातीबद्दल का नाही?

काही जण म्हणतील, उपचारात जात आणली की उपचाराचे राजकारण होते. त्यांनी मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ उघडावा. कलम १८ प्रत्येकाला मानसिक आरोग्यसेवेचा हक्क देते आणि ती सेवा भेदभावाशिवाय मिळाली पाहिजे असे सांगताना त्यात ‘जात’ हा शब्द स्पष्टपणे लिहिलेला आहे. जात कायद्यात आहे, रुग्णाच्या आयुष्यात आहे. नाही ती फक्त प्रशिक्षणात.

आपल्यातलेही काही म्हणतील, मनावर उपचार म्हणजे लढा सोडून जुळवून घेणे. त्यांना एवढेच सांगायचे आहे की ज्याला सकाळी अंथरुणातून उठवत नाही, तो मोर्चात येणार नाही. चवदार तळ्यावर १९२७ मध्ये आपले लोक गेले, तेव्हा पाण्याचा हक्क मिळवायला गेले होतेच, शिवाय पिढ्यान्‌पिढ्यांची भीती स्वतःच्या पावलांनी ओलांडत होते. बाहेरचा लढा आणि मनातला लढा एकमेकांचे वैरी नाहीत.

घराने काय करावे?

कुणाकडेही जाताना पाच प्रश्न विचारायला लाजू नका. तुमचे शिक्षण आणि नोंदणी काय? सीबीटी कुठे, किती काळ शिकलात? तुमच्या कामावर आजही कुणाचे पर्यवेक्षण आहे का? साधारण किती सत्रे लागतील आणि फरक पडतो आहे हे कसे मोजणार? जातीवरून झालेला त्रास सांगितला तर तुम्ही तो कसा हाताळाल? शेवटच्या प्रश्नावर माणूस चिडला किंवा ‘आम्ही जात मानत नाही’ एवढेच म्हणून थांबला, तर दुसरा दरवाजा शोधा.

सीबीटी हा रामबाण नाही, हेही लक्षात ठेवा. कानात आवाज येणे, भ्रम होणे, टोकाचे औदासीन्य अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर आणि औषध लागतेच. चालू गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. विपश्यना शिबिराला उपचाराच्या जागी पाठवू नका. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी शिबिराला बसू नये, असे शिबिर घेणारेच सांगतात. कुणी मरणाची भाषा बोलत असेल तर ‘नाटक’ म्हणू नका, एकटे सोडू नका. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे, फोन फुकट आहे, दिवसरात्र लागतो, मराठीतही बोलता येते.

आणि मागणी काय करावी?

एक, महाराष्ट्रात चालणाऱ्या प्रत्येक सीबीटी प्रशिक्षणात जातीचा अनुभव हा परीक्षेचा विषय व्हावा. पाहुण्याचे एक तासाचे भाषण नको. आपल्या वस्तीतल्या रुग्णासोबतचे काम पर्यवेक्षकाने तपासावे आणि त्याला गुण असावेत.

दोन, खुर्चीच्या त्या बाजूलाही आपली माणसे हवीत. क्लिनिकल सायकॉलॉजीच्या जागा थोड्या आणि खासगी फी जबर. बार्टी स्पर्धा परीक्षांसाठी मुलांना मदत करते, तशी मानसशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना पर्यवेक्षणासह सीबीटी शिकण्यासाठी द्यावी. घरांनीही मुलीने मानसशास्त्र घेतले तर ‘वेड्यांचे डॉक्टर होणार का?’ असे म्हणू नये.

तीन, गोव्याचे उदाहरण घ्यावे. तिथे संगत या संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना औदासीन्यावरचा सहा ते आठ बैठकींचा, सीबीटीच्याच कुळातला उपचार शिकवला. ते दर आठवड्याला एकत्र बसून एकमेकांच्या बैठकींचे ध्वनिमुद्रण ऐकत आणि गुण देत. १० प्राथमिक आरोग्य केंद्रांतील ४९५ रुग्णांवर ही पद्धत तपासली गेली आणि २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले : हा उपचार मिळालेल्यांना अधिक फायदा झाला. म्हणजे वस्तीतली आशाताई किंवा शिकलेली सूनसुद्धा हे काम करू शकते. अट एवढीच की तिच्यामागे पक्का शिकलेला तज्ज्ञ उभा पाहिजे. त्या तज्ज्ञाचे प्रशिक्षणच कच्चे असेल, तर खालची सगळी इमारत कच्ची राहील.

चार, हे आपल्या हातातले आहे. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात, तिथे मनातले बोलायला कोपरा नसतो, मनातले लिहिलेली वही लपवायला जागा नसते. विहार समितीने आठवड्यातून दोन तास एक खोली द्यावी, नोंदणीकृत मानसशास्त्रज्ञाला बोलवावे, आणि कोण आले-गेले याची चर्चा ओट्यावर होणार नाही याची हमी घ्यावी. वर्षावासात आपण मनावर प्रवचने ऐकतो. त्याच विहारात मनावर उपचारही होऊ द्या.

शिकलेल्या माणसाकडे आपण हात जोडून जायची सवय बाबासाहेबांनी मोडली. मनाच्या डॉक्टरकडेही हात जोडून नको, प्रश्न घेऊन जाऊ या.

जय भीम!